नवीन लायनर टाकले, तरी मागचं चाक धरतंच आहे

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गणपतीला आता जेमतेम दीड महिना राहिलाय. मुंबई-पुण्याकडून गाड्या यायला लागतील आणि आपल्याकडे वर्षभर पडवीच्या कडेला, माडाखाली नाहीतर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्याही बाहेर निघतील, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय, नंतर छापून काही उपयोग नाही. विषय गाडीच्या मागच्या ब्रेकचा आहे. ब्रेक लागत नाही ही तक्रार सगळ्यांना कळते, पण ब्रेक लागला की सुटत नाही, पाय काढला हँडब्रेक खाली केला तरी मागचं चाक धरूनच राहतं, ही तक्रार लोक फार हलक्यात घेतात. मीही घेतली होती. आणि माझ्या बाबतीत तर हे सगळं नवीन सामान टाकल्यानंतर सुरू झालं.

माझं घर गुहागर तालुक्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. गाडी छोटी हॅचबॅक, १२ वर्षं जुनी, पुढे डिस्क मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा, त्याला आतून लायनर नावाचे पट्टे दाबले की चाक थांबतं), म्हणजे आपल्याकडच्या निम्म्या घरांत असते तशीच. गेल्या वर्षी जूनमध्ये धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत उतारावर उभा होतो तेव्हा हँडब्रेक पूर्ण ओढूनही गाडी हळूहळू सरकायला लागली, म्हणून गॅरेजला टाकली. मागचे लायनर संपलेत म्हणाले, नवीन टाकले, ड्रम लेथवर मारून आणले, हँडब्रेक टाईट करून दिला. चार दिवस मस्त. मग सकाळी गाडी काढताना मागून 'टक्' असा आवाज यायला लागला, गाडी जड वाटायला लागली, ॲव्हरेज पडलं. परत गॅरेज, तेव्हा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने लायनर बाहेर ढकलणारा चाकातला भाग) धरतोय म्हणाले, दोन्ही बाजूचे नवीन टाकले. फरक पडला असं मला वाटलं, किंवा पडावा अशी इच्छा होती म्हणून वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आईला डोळ्यांच्या तपासणीला कराडला नेलं होतं. आईचं वय ७८. येताना हेळवाक गाव मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायला लागलो, पाऊस आणि धुकं दोन्ही, पुढे ट्रक, आणि थोड्या वेळात जळका वास यायला लागला. मला वाटलं ट्रकचा आहे. मागे बसलेली बायको म्हणाली, "अहो, हा वास माझ्या बाजूने येतोय, आपल्याच गाडीचा आहे." तोपर्यंत पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं होतं, पुढच्या वळणावर अजून खाली, आणि त्याच्या पुढच्या वळणावर पाय जवळजवळ फ्लोअरला टेकला. भराभर दोनतीनदा पंप केलं तेव्हा कुठे थोडं धरलं, दुसरा गिअर, मग पहिला, आणि डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा बघून गाडी उभी केली. उतरून बघतो तर मागच्या उजव्या चाकावर पावसाचे थेंब पडतायत आणि चर्र करून वाफ होतेय. डावं पण तापलेलं होतं पण एवढं नाही. पुढची दोन्ही चाकं घाट उतरल्यावर होतात तेवढीच गरम. आईच्या डोळ्यांत थेंब घातलेले असल्यामुळे तिला समोरचं काही धड दिसत नव्हतं, ती सारखी विचारत होती, "का थांबलास रे? पोफळी आली का?" तिला काय सांगणार. पन्नास मिनिटं तिथे थांबलो, पेडल परत वर आलं, मग पहिल्या-दुसऱ्यावर गाडी घाटाखालच्या पोफळी गावापर्यंत उतरवली आणि तिथून चिपळूणपर्यंत वीस-पंचवीसच्या वर नेली नाही.

पेडल का गेलं ते मला नंतर समजलं, आणि हे प्रत्येक गाडीवाल्याला माहीत पाहिजे. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, आणि आपल्याकडच्या हवेत आर्द्रतेला काय तोटा. डॉट ३ दर्जाचं ऑइल ताजं असेल तर २०५ अंशांच्या पुढे उकळतं, पण पाणी शोषलेलं जुनं झालं की १४० अंशांपर्यंत ती मर्यादा खाली येते, डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. लायनर ड्रमला सतत घासत राहिला की ड्रम तापतो, ती उष्णता व्हील सिलिंडरमध्ये जाते, तिथलं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खाली जातं. म्हणजे जो ब्रेक सुटत नाही तोच पुढे लागतही नाही. थंड झाल्यावर वाफेचं परत ऑइल होतं, पेडल वर येतं, आणि गॅरेजमध्ये गाडी नेली की "सगळं ठीक आहे की हो" असं ऐकायला मिळतं.

तिसऱ्या वेळी गॅरेजने मास्टर सिलिंडर बदलला, म्हणजे पेडल दाबलं की सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणारा भाग. ऑइल पण सगळं नवीन भरलं, ते मात्र बरं केलं. तोपर्यंत माझे साडेअकरा हजार गेले होते. आठ दिवसांनी उजवं चाक परत गरम.

गॅरेजचं नाव मी लिहीत नाही आणि कुणाला बदनाम करायचंही नाही. तो मुलगा मेहनती आहे, पावसात छपराखाली पाच-पाच गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाला संध्याकाळपर्यंत गाडी पाहिजे असते, मीही त्याला तेच म्हटलं होतं. पण तीनही वेळा झालं काय, तर संशय आला की पार्ट बदलला. चाक नक्की कशामुळे धरतंय हे तपासून कुणी बघितलंच नाही.

शेवटी आमच्या वाडीतले एक काका, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, त्यांना जाऊन सगळं सांगितलं. मी आपला नवीन काय काय टाकलं त्याची यादी वाचत होतो, त्यांनी मधेच थांबवलं. "नवीन काय घातलंस ते ऱ्हाऊ दे, जुनं काय ठेवलंस ते सांग." मला उत्तरच देता येईना, कारण जुनं काय राहिलंय याचा मी विचारच केला नव्हता. मग त्यांनीच बोटांवर मोजलं, हँडब्रेकची केबल जुनी, चाकाकडे ऑइल नेणारे रबरी होज पाईप जुने, ड्रमच्या मागची बॅक प्लेट जुनी, लायनर आणि ड्रममधला गॅप जुळवणारे ॲडजस्टर जुने, आणि स्प्रिंगा बदलल्या का, तर नाही, त्या पण जुन्याच.

रविवारी सकाळी आमच्या खळ्यात गाडी घेतली. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, हँडब्रेक सोडला, गिअर न्यूट्रल. जमीन लाल मातीची आणि ओली, म्हणून जॅकखाली जाड फळी टाकली. मी आपला दोन चिरे उचलून आणले गाडी टेकवायला, तर काका ओरडलेच. जांभा दाबाखाली कधी फुटेल सांगता येत नाही, त्याच्यावर गाडी टेकवून खाली हात घालायचा नाही, लोखंडी घोडीच पाहिजे. ती शेजारच्या वाडीतून आणली, अर्धा तास गेला, पण त्याशिवाय त्यांनी हात लावला नाही.

पहिलं डावं चाक. हाताने फिरवून बघितलं तर दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय हलेना. आता चाक धरायला कारणं मोजकीच असतात, एक तर केबल ओढून धरतेय, नाहीतर ऑइलचं प्रेशर आत अडकलंय, नाहीतर ड्रमच्या आतलंच काहीतरी अडकतंय. काकांनी आधी आत हँडब्रेकजवळचा ॲडजस्टिंग नट पूर्ण ढिला केला. चाक तसंच. मी म्हटलं, म्हणजे केबल नाही, गॅरेजवालाही नट ढिला करून हेच म्हणाला होता. काका म्हणाले, थांब. ते चाकाच्या मागे वाकले आणि बॅक प्लेटमधून केबल आत जाते तिथे हात घालून केबल पुढे ढकलून बघितली. ढिम्म. नट पुढे ढिला झाला होता पण केबल तिच्या नळीत मधेच गंजून बसली होती, त्यामुळे नटाकडचं टोक सैल आणि चाकाकडचं टोक ताठ. ड्रम काढला, लायनरच्या मागे हँडब्रेकचा जो लिव्हर असतो त्यातून केबलचं टोक सोडवलं, आणि लिव्हर आपोआप तीन-चार मिलिमीटर मागे गेला. मी स्वतः बघितलं. तेवढ्या तीन-चार मिलिमीटरमुळे लायनर ड्रमला घासत होता. ड्रम परत बसवला, चाक एका हाताने दोन फेरे फिरलं.

मग मी विचारलं की केबल एवढी जुनी गंजलेली, तर आधी इतकी वर्षं चाक का नाही धरलं? हे उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ॲडजस्टर गंजून बसलेला होता, त्यामुळे जुने लायनर झिजत गेले तसा लायनर आणि ड्रममधला गॅप वाढत गेला. केबल थोडी ओढलेली राहिली तरी लायनर ड्रमपर्यंत पोचत नव्हता, म्हणून तर हँडब्रेक लागत नव्हता. नवीन जाड लायनर आले, गॅप संपला, आणि केबलचा जो दोष आत दडून होता तो बाहेर आला. त्यात गॅरेजने हँडब्रेक लागावा म्हणून केबलच ताणून दिली. क्रम उलटा झाला. आधी केबल पूर्ण ढिली करायची, ड्रमच्या आत ॲडजस्टर मोकळा करून लायनरचा गॅप सेट करायचा, पेडल दहा-बारा वेळा दाबून लायनर जागेवर बसू द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी केबल. केबल ताणून गॅप भरायचा नसतो. म्हणजे नवीन सामान वाईट नव्हतं, बसवणाऱ्याने जुन्याकडे बघितलं नाही एवढंच.

बॅक प्लेटचं तर कुणी नावच काढत नाही. लायनरची कड ज्या उंच जागांवर टेकून सरकते, प्रत्येक बाजूला अशा थोड्या जागा असतात, तिथे वर्षानुवर्षं घासून खाचा पडतात. काकांनी माझं बोट धरून त्या जागेवर फिरवलं, "नख अडकतंय ना? तसाच लायनर अडकतो." ब्रेक मारला की लायनर बाहेर जातो, परत येताना त्या खाचेत थांबतो, आणि जुनी सैल पडलेली स्प्रिंग त्याला ओढू शकत नाही. त्यांनी कानशीने ती कड सपाट केली, पॉलिश पेपर मारला, ब्रेकसाठीचं उष्णता सहन करणारं ग्रीस बोटाच्या टोकावर घेऊन अगदी पुसट लावलं, कारण जास्त झालं तर उडून लायनरवर जातं. आणि ड्रममधली धूळ मी सवयीने फुंकायला गेलो तेव्हा त्यांनी हात आडवा धरला. ती धूळ फुंकायची नाही, हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुफ्फुसात जाऊन बसतं, वर्कशॉपमधल्या कितीतरी माणसांना त्या काळी हे कुणी सांगितलं नाही. हे बोलताना काका जरा वेळ गप्प झाले होते.

उजवं चाक म्हणजे वेगळीच गोष्ट निघाली. ते सकाळी एकदम मोकळं होतं, जॅकवर घेतलं तर हाताने छान फिरलं. काकांनी मला आत बसवून पेडल चार-पाच वेळा जोरात दाबायला सांगितलं आणि सोडायला सांगितलं. पेडल सोडलं तरी चाक घट्ट. दहा मिनिटांनी हळूहळू आपोआप सुटलं. डावं चाक रात्रभर हँडब्रेक लावून ठेवल्यावर सकाळी धरायचं आणि उजवं चाक ब्रेक मारत गेलं की धरायचं, हे दोन वेगळे रोग आहेत हे तिथल्या तिथे कळलं. चाक कधी धरतं, गाडी थंड असताना की चालवल्यावर, आणि किती वेळाने सुटतं, हे गिऱ्हाईकाने नीट सांगितलं तर मेकॅनिकचं अर्धं काम होतं. मी गॅरेजमध्ये तीनही वेळा फक्त "ब्रेक जाम होतायत" एवढंच सांगितलं होतं, ती माझी चूक.

पुन्हा पेडल मारून चाक धरायला लावलं आणि काकांनी चाकामागचं ब्लीडर निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचं छोटं तोंड, पाव फेरा उघडलं. ऑइलची पिचकारी उडाली आणि त्याच क्षणी चाक सुटलं. म्हणजे प्रेशर अडकत होतं, लायनर आणि केबलचा इथे काही दोष नाही. आता प्रेशर कुठे अडकतंय, मास्टर सिलिंडरमध्ये की रबरी होज पाईपमध्ये? त्यासाठी परत चाक धरू दिलं, आणि यावेळी निपल न उघडता होज पाईपच्या वरच्या टोकाला लोखंडी पाईपचा जो नट असतो तो जरा ढिला केला. (त्याला आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं, नाहीतर तो गोल होतो आणि पाईप पिळतो.) तिथून थोडं ऑइल झिरपलं पण चाक सुटलं नाही. अडथळा नट आणि चाक यांच्या मध्ये, म्हणजे होज पाईपच. नट ढिला केल्यावर चाक सुटलं असतं तर दोष वरच्या बाजूला, मास्टर सिलिंडरकडे धरला असता. शिवाय आमच्या गाडीत ब्रेकची लाईन तिरकी आहे, मागचं उजवं आणि पुढचं डावं चाक एका लाईनवर, त्यामुळे मास्टर सिलिंडर प्रेशर धरत असता तर पुढचं डावं चाकही धरलं असतं. ते तर घाटात पण नेहमीइतकंच गरम होतं. हे एवढं एक मिनिट थांबून कुणी बघितलं असतं तर तो मास्टर सिलिंडर बदलायची वेळच आली नसती.

होज पाईप बदलल्यावर जुना आम्ही ब्लेडने उभा कापला. बाहेरून काळा, धडधाकट, एक चीर नाही. पण मधोमध त्याला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी असते, ती खाऱ्या हवेने आतून गंजलेली, गंज फुगतो, आणि त्या फुगलेल्या गंजाने रबर चहूबाजूंनी आवळलं होतं. त्या जागी आतलं भोक सुतळी जाईल एवढंच उरलेलं आणि आतल्या रबराचा एक पापुद्रा सुटून लोंबत होता. पायाने पेडल दाबतो तेव्हा जोर भरपूर असतो, ऑइल त्या पापुद्र्याला ढकलून चाकाकडे जातं. परत येताना मागे फक्त स्प्रिंगचा जोर, तेवढ्याने पापुद्रा उघडत नाही. एका दिशेला उघडणारं दार झालं होतं ते. नवीन केबल, दोन्ही बाजूंचे होज पाईप आणि स्प्रिंगा मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं, ऑइल परत नवीन भरून एअर काढली. त्याला आता वर्ष होत आलं, दोनदा आंबा घाट आणि चारदा कुंभार्ली झाला, चाक एकदाही धरलं नाही.

आपल्या किनाऱ्यावर हे जास्त का होतं ते उघड आहे. मिठाचा थर लोखंडावर बसतो, मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि चार महिने पाऊस, तो थर कधी सुकतच नाही. त्यात लाल मातीचा चिखल ड्रममध्ये जातो, लायनरच्या धुळीत मिसळतो आणि लेप होतो. भरतीच्या वेळी जेटीच्या उतारावर खारं पाणी असतं त्यातून गाडी जाते. आणि हल्ली दापोलीकडे, गुहागरला, मालवणकडे पर्यटक वाळूत, लाटांत गाड्या घालतात त्यांना तर हात जोडून विनंती आहे की नका घालू, गाडी रुतते ते दिसतं म्हणून लोक घाबरतात, पण खालून ब्रेकच्या पाईपांना जे लागतं ते दिसत नाही आणि तुम्ही घरी गेल्यावर सहा महिन्यांनी त्याचं फळ मिळतं. घातलीच असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा, नुसतं बॉनेट पुसून उपयोग नाही.

गावाला गाडी ठेवून मुंबईला राहणाऱ्यांसाठी एक, पावसाळ्यात हँडब्रेक लावून गाडी महिनोन्महिने उभी करू नका. ओला लायनर ड्रमला गंजाने चिकटतो आणि केबल ओढलेल्या अवस्थेत जाम होते. सपाटीवर गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक सोडून ठेवा. आणि गणपतीला आल्यावर स्टार्टर मारून जोरात गाडी ओढून चाक सोडवायचा प्रयत्न करू नका, लायनर पत्र्यापासून सुटून येतो.

तपासायला मशीन लागत नाही. आठ-दहा किलोमीटर गाडी शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबा, आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, न टेकवता. एक चाक बाकीच्यांपेक्षा भट्टीसारखं लागलं तर ते धरतंय. हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये ब्रेक सोडून बघा, गाडी आपोआप निघाली पाहिजे. बेअरिंग गेलं असेल तरी चाक तापतं, पण तेव्हा फिरवताना घरघर येते आणि निपल उघडलं, केबल सोडली तरी घरघर जात नाही. चाक तापलेलं दिसलं तर त्याच्यावर थंड पाणी ओतू नका, ड्रम तडकतो, तसंच थांबून राहा. घाट ज्या गिअरवर चढतो त्याच गिअरवर उतरवा, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते शंभर टक्के खरं आहे.

गॅरेजवाल्या बंधूंना कळकळीची विनंती आहे. मागचा ब्रेक धरतो अशी तक्रार आली की सामानाच्या दुकानात फोन करण्याआधी पंधरा मिनिटं चाक उचलून केबल, निपल आणि होजचा नट, याच क्रमाने बघा, आणि त्या पंधरा मिनिटांचे वेगळे पैसे घ्या, आम्ही देऊ. बिलावर 'तपासलं, अमुक निघालं' असं लिहा. जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्या. लायनर बदलताना एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी बाजू बघायला राहते. डाव्या-उजव्या ॲडजस्टरचे आटे उलट असतात, ते अदलाबदल झाले तर गॅप कमी व्हायच्या ऐवजी वाढत जातो. तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, घाईत राहून जातं इतकंच.

आणि सरकारदरबारी एक मागणी. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, आणि तोपर्यंत तिचे ब्रेक कुणी एकदाही तपासत नाही. धूर तपासायला पीयूसी आहे, ब्रेकला काही नाही. देशावरच्या कोरड्या हवेतल्या गाडीला आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यातल्या गाडीला एकच माप कसं चालेल? ताबडतोब कायदा बदला असं मी म्हणत नाही. पण आरटीओचे तालुक्याला कॅम्प होतात, तिथे पावसाळ्याच्या आधी एक दिवस ज्याला पाहिजे त्याने गाडी आणावी आणि मागची चाकं उचलून फिरवून बघावीत एवढी सोय करता येईल. गणपतीत हायवेवर मदत केंद्रं असतात, तिथे एक माणूस तापलेलं चाक बघायला ठेवता येईल. आयटीआयची मुलं आहेत, त्यांना शिकायलाही मिळेल.

आपल्या पेपरात गणपतीच्या आधी गाड्यांची पुरवणी निघते, त्यात ऑफरच्या जाहिरातींबरोबर अर्धं पान या विषयाला द्यावं ही विनंती. तो कापलेला होज पाईप मी टाकलेला नाही, प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलाय, आतला पापुद्रा अजून तसाच दिसतो. फोटो छापायचा असेल तर कळवा, पाठवून देतो.

आपला,
एक वाचक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी